तळाची कड

शैलाताई म्हात्रे कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघत. वस्तू प्लास्टिकची असली तर हमखास. बादली, डबा, मुलांची पाण्याची बाटली, रिक्षाच्या मागच्या दिव्याचं झाकण. पालथी करायची, कडेवरून अंगठा फिरवायचा, उजेडाकडे धरायची आणि होती तशी परत ठेवायची. अभिप्राय क्वचित मिळे. 'वाकलीये' किंवा 'घाईत काढलीये', एवढाच.

काल्हेरच्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. त्या, धाकटा भाऊ दिनेश आणि त्याची बायको कल्पना. वडिलांच्या भातशेतीवर गोदाम उभं राहिलं तेव्हा कुटुंब गावातल्या घरातून या इमारतीत आलं होतं. शैलाताईंनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि विचारण्याइतकं जवळचं कोणी नव्हतं. मी तेव्हा ठाण्याला एका दैनिकात बातम्यांच्या टेबलावर होतो. माझी आणि त्यांच्या कारखान्याची सुटी शुक्रवारी यायची, त्यामुळे ओळख झाली.

गावातल्या एका हळदीला आम्ही सगळे गेलो होतो. मांडवात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. शैलाताईंनी बसायच्या आधी आपली खुर्ची उचलली आणि पाय वर करून बघायला लागल्या. त्यांच्या काकी लांबून ओरडल्या, "शैले, खुर्ची बसाला दिलीय गो, वाचाला न्हाय!"

मांडव हसला. शैलाताई हसल्या नाहीत. "काकी, हिचा मागचा पाय आतून पोकळ राहिलाय. जड माणूस बसवू नका."

त्या खुर्चीवर रात्रीपर्यंत कोणी बसलं नाही. शेवटी तिच्यावर पत्रावळींचा गठ्ठा ठेवला गेला.

त्या ज्या कारखान्यात डिझायनर होत्या तो काल्हेर आणि कशेळीच्या मध्ये, गोदामांच्या ओळीमागे होता. तिथे वस्तू बनत नसत, वस्तूंचे साचे बनत. साचा म्हणजे लोखंडाचे दोन जड अर्धे भाग. ते मिटतात, मधल्या पोकळीत तापलेलं प्लास्टिक दाबून भरलं जातं, ते थंड होतं, साचा उघडतो, वस्तू बाहेर पडते. ती पोकळी आधी संगणकावर काढावी लागते. ते शैलाताईंचं काम.

गिऱ्हाइकाकडे बहुतेक वेळा चित्र नसे. हातात एक तुकडा असे आणि 'असाच बनवून द्या' एवढी मागणी. वस्तूवरून उलट तिच्या चित्राकडे जाण्याच्या या कामाला कारखान्यात नुसतं 'रिव्हर्स' म्हणत. तुकड्यावर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारायचा, म्हणजे तो चमकत नाही. मग स्कॅनर त्याच्याभोवती फिरवायचा. पडद्यावर लाखो ठिपके येतात आणि ठिपक्यांतून तो तुकडा दिसायला लागतो. स्कॅनर काही गाळत नाही. ओरखडा, वाकलेला कोपरा, घासून गेलेली कड, सगळं सारख्याच इमानाने उचलतो. तिथून पुढे माणसाचं काम सुरू होतं. प्रत्येक खळग्यापाशी थांबून शैलाताई एकच प्रश्न विचारत. कधी स्वतःला, कधी शेजारी बसलेल्याला.

"हे केलेलं की झालेलं?"

केलेलं म्हणजे मूळ बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेलं. झालेलं म्हणजे वापरात पडलेलं. केलेलं ठेवायचं, झालेलं पुसायचं. हा प्रश्न त्या कारखान्याबाहेरही विचारत. आमच्या जिन्यातल्या भेगेबद्दल त्यांनी तो बिल्डरला विचारला होता. माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे, त्याबद्दल मला विचारला होता. बरीच वर्षं एकाच खांद्यावर बॅग घेतली, असं मी सांगितलं. "म्हणजे झालेलं," असं म्हणून त्या चहाकडे वळल्या.

निजामपुऱ्यातले एक वयस्कर लूममालक त्यांच्याकडे पिकर घेऊन आले होते. पिकर म्हणजे लूममध्ये धोट्याला टोला देणारा तुकडा. त्या दिवशी मी कारखान्यात होतो. लघुउद्योगांवर एक लेख करायचा होता, तो पुढे छापला गेला नाही.

"बेटी, बिलकुल ऐसाच चाहिए," चाचा म्हणाले.

"ऐसाच? ये तो घिसा हुआ है, चाचा. ऐसाच बनाया तो नया भी बुढ्ढा निकलेगा."

"तो जवानी में कैसा था, वो तू बता."

"मैं क्या बताऊँ? आपकी लूम बताएगी."

दुसऱ्या दिवशी त्या निजामपुऱ्यात जाऊन लूमच्या खडखडाटात उभ्या राहिल्या. पिकरवरचा खोल वण धोट्याच्या माराने पडला होता. ते झालेलं. पण शेजारी एक तिरका काप होता, तो माराचा नव्हता. गल्लीतले सगळे मेकॅनिक नवा पिकर बसवताना कानशीने तेवढा कोपरा उडवत, म्हणजे धागा अडकत नाही. मूळ कंपनीने तो ठेवला नव्हता, तरी केलेला होता. शैलाताईंनी तो साच्यातच घेतला. मेकॅनिकांचं कानस मारणं थांबलं. चाचा मिठाई घेऊन आले, तर शैलाताईंनी आधी तिचा प्लास्टिकचा डबा रिकामा करून पालथा केला.

त्या दिवसापासून त्यांचा नियम झाला होता. एका नमुन्यावर काम करायचं नाही. एक वापरलेला आणि एक कोरा हवा. दोघांतला फरक म्हणजे झीज.

कारखान्याचे मालक हसमुखभाई. त्यांना कोऱ्या नमुन्यात रस नव्हता, पण सिम्युलेशनचा फार अभिमान होता. साचा कापण्याआधी संगणकावर त्यात खोटं प्लास्टिक भरून बघतात. कुठून शिरतं, कुठे हवा अडकते, दोन प्रवाह कुठे भेटतात आणि तिथे जोड कच्चा राहतो का. वस्तूवर खोटं वजन ठेवूनही बघता येतं. पडद्यावर निळा, हिरवा, पिवळा, लाल असे रंग सरकतात. हसमुखभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला शैलाताईंच्या मागे आणून उभं करत. "देखो, अंदर माल कैसा दौडता है! शैलाबेन, जरा परत दौडवा."

शैलाताई परत दौडवत. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मॅडम, मग याच्यात सगळं कळतं?"

"विचारलं तेवढं सांगतं," त्या म्हणाल्या. "न विचारलेलं स्वतःहून सांगत नाही."

हसमुखभाईंना हे उत्तर आवडलं नाही.

क्रेटचं काम दोन नमुन्यांच्या त्या नियमात बसत नव्हतं. गोदामांत आणि भाजीच्या बाजारात वापरतात त्या जाळीदार प्लास्टिकच्या क्रेट. मूळ बनवणारा कारखाना बंद पडला होता आणि गिऱ्हाइकाला तीच क्रेट हवी होती, कारण गोदामांना तिची सवय झाली होती. शैलाताईंनी कोरा नमुना मागितला. मिळाला नाही. जी एक क्रेट आली ती वापरलेली होती, पण धुतलेली, सरळ, कुठे तडा नाही.

क्रेटच्या तळाला चारही बाजूंनी एक कड असते. थप्पी लावली की वरच्या क्रेटची ही कड खालच्या क्रेटच्या तोंडात उतरते, म्हणून थप्पी सरकत नाही. या नमुन्याची कड थोडी बुटकी वाटत होती. शैलाताईंनी ती चारही बाजूंनी मोजली. चारही बाजूंनी सारखी भरली. झीज अशी होत नाही. क्रेट ओढली जाते ती एका बाजूने, घासते तीही एका बाजूने. सारखं आहे, त्या अर्थी केलेलं आहे, असा निर्णय झाला. साचा तयार झाला. सिम्युलेशनमध्ये क्रेटवर वरून वजन ठेवलं, रंग हिरव्याच्या पुढे गेला नाही. माल बाजारात गेला. दिनेश कशेळीच्या ज्या गोदामात सुपरवायझर होता, तिथेही गेला. घरी त्याचं कौतुक झालं. "आमच्या तायची क्रेट," असं तो हमालांना सांगायचा.

पुढच्या वर्षी त्या गोदामात फोर्कलिफ्टचा धक्का लागून एक थप्पी वरून सरकली. दिनेश बाजूने चालला होता. भरलेल्या क्रेट त्याच्या पायावर आल्या. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

ती बातमी आमच्या टेबलावर चार ओळींत आली. मी नाव वाचलं, वय तपासलं आणि आतल्या पानावर लावली. थर प्रमाणापेक्षा उंच लावले होते, असं गोदामाचं म्हणणं होतं. थर किती लावायचे हे सुपरवायझर ठरवतो. म्हणजे दिनेश.

हॉस्पिटलमध्ये मी गेलो तेव्हा शैलाताई खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. स्टूल प्लास्टिकचं होतं. त्यांनी ते उलटं करून बघितलं नव्हतं. दिनेशच बोलत होता.

"सायब, येकपन क्रेट फुटली न्हाय. खालपर्यंत आल्या, टणाटण. काय मजबूत माल हाय तायचा!" तो हसला. कल्पना उठून बाहेर गेली.

"थर किती होते?" शैलाताईंनी विचारलं.

"नेहमीचंच. जुन्या क्रेटला लावायचो तवडंच."

"एखादा जास्त?"

"न्हाय गो. जुन्या क्रेटची थप्पी कदी हालली न्हाय, मंग या नव्या कशाला हालतील, असं मीच पोरांना सांगलं."

शैलाताईंनी मान हलवली. त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होती. थप्पी थरामुळे सरकली की क्रेटमुळे. थरामुळे असेल तर दोष भावाचा आणि विषय संपला. क्रेटमुळे असेल तर त्या साच्यातून निघालेली प्रत्येक क्रेट कुठल्या तरी गोदामात कुणाच्या तरी डोक्याच्या वर उभी होती.

त्या कामावर जात राहिल्या. वेळेवर जात, वेळेवर येत. जेवण थांबवलं नाही, रडल्या नाहीत, कुणावर चिडल्या नाहीत. कल्पना म्हणायची, "तायना भाजीत मीठ न्हाय घातलं तरी कलत न्हाय. दोनदा मुद्दाम न घालता बगितलं." कारखान्यात मोकळ्या वेळात त्या संगणकावर थप्पी लावत आणि बाजूने धक्का देत. थप्पी कधी टिकत होती, कधी सरकत होती. त्याने काही सिद्ध होत नव्हतं. जुनी क्रेट त्याच धक्क्याला टिकली असती का, हे कळायला जुन्या क्रेटचं कोरं माप हवं होतं. ते जगात कुठे उरलं होतं, हे माहीत नव्हतं.

एका शुक्रवारी सकाळी कल्पनाने रद्दी मागितली म्हणून मी वर्तमानपत्रं घेऊन समोर गेलो. दिनेश गॅलरीत खुर्चीवर बसला होता, नवा कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. शैलाताई दारात उभ्या होत्या. दिनेश हमालांच्या गमती सांगत होता. नवीन आलेला एक हमाल क्रेट ओढताना रोज एकाच बाजूने ओढायचा, त्याला बाकीच्यांनी कसं झापलं, असं काहीतरी.

"एका बाजूने ओढली तर काय होतं?" शैलाताईंनी विचारलं.

"अगो, लंगडी व्हते ना. एक बाजू घासते, मंग थप्पी डुलते. आमी फिरवून घेतो. आज या बाजूनी ओढली तर उद्या दुसऱ्या. चारी बाजूंनी सारखी घासाची. गोदामाचा कायदाच हाय तो आमच्या."

"सगळीकडे?"

"कशेळीत सगलीकडं. मीच लावला आमच्याकडं. कशाला?"

 शैलाताई दाराला धरून उभ्या होत्या आणि दिनेश त्यांच्याकडे बघत होता. त्याला साच्यातलं फारसं कळत नव्हतं. पण बहिणीला तो ओळखत होता, आणि आपण काय बोललो हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं.

"कोरी हवी ना तुला?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "ही बग. ही कदी ओढली न्हाय."

गॅलरीच्या कोपऱ्यात कढीपत्ता होता. तो त्याच बंद पडलेल्या कारखान्याच्या एका क्रेटमध्ये लावलेला होता. इमारतीत राहायला आले तेव्हा दिनेशने गोदामात नव्याने आलेल्या मालातली एक क्रेट मागून आणली होती, आत गोणपाट घालून माती भरली होती. तेव्हापासून ती जागची हलली नव्हती. घरातली प्रत्येक प्लास्टिकची वस्तू शैलाताईंनी कधी ना कधी पालथी केली होती. ही मातीने भरलेली होती, म्हणून राहिली.

मी आणलेली वर्तमानपत्रं जमिनीवर पसरली. कल्पनाने कढीपत्ता मुळांसकट उचलून बादलीत ठेवला. माती कागदावर ओतली. शैलाताईंनी क्रेट पालथी केली, ओल्या फडक्याने कड पुसली आणि आतून व्हर्नियर आणून माप घेतलं. एका बाजूचं घेतलं, दुसऱ्या बाजूचं घेतलं, चारही बाजूंचं घेतलं. मग परत पहिल्या बाजूला आल्या.

"उंच आहे," त्या म्हणाल्या. "दोन मिलिमीटर."

"दोन मिलिमीटर म्हंजे किती?" कल्पनाने विचारलं.

शैलाताईंनी जमिनीवरचं वर्तमानपत्र उचललं, घड्या घातल्या आणि दोन बोटांत दाबून दाखवलं. कल्पनाने ते बघितलं आणि मग भिंतीला टेकलेल्या पायाकडे बघितलं.

दिनेश म्हणाला, "मंग असं कर ताय. थर माजं, कड तुजी. अर्दं अर्दं."

 शैलाताई माती परत क्रेटमध्ये भरायला लागल्या. मग थांबल्या, क्रेट झटकून काखोटीला मारली आणि सुटीचा दिवस असूनही कारखान्याची किल्ली घेऊन गेल्या.

हसमुखभाईंशी झालेलं बोलणं त्यांनीच मला नंतर सांगितलं, जसंच्या तसं, मधे काही न घालता.

"गिऱ्हाइकाची कंप्लेंट आली काय?"

"नाही."

"बाजारातून आली?"

"नाही."

"मग कुठून आली, शैलाबेन?"

"माझ्या घरी आली आहे."

 हसमुखभाई म्हणाले, पॉलिशच्या निमित्ताने मोल्ड गिऱ्हाइकाकडून परत मागवतो. साच्यात लोखंड कापलं की वस्तूत प्लास्टिक वाढतं. कड उंच करणं अवघड नव्हतं, साचा तेवढा खोल करायचा होता. ते काम झालं. आतापर्यंत गेलेला माल परत मागवायला मात्र गिऱ्हाइकाने साफ नकार दिला. एकही क्रेट फुटलेली नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

साचा मशीनवर असतानाच शैलाताईंनी त्यात एक बारीक खळगा करायचं ठरवलं. साच्यात खळगा असला की वस्तूवर ठिपका उठतो. नवी क्रेट आधी गेलेल्या बुटक्या कडेच्या क्रेटपासून वेगळी ओळखता यावी, एवढाच हेतू. तो त्या तळाला घेणार होत्या. दिनेश म्हणाला, "तलाला ठिपका कोन बगनार? भरलेली क्रेट कोन उलटी करतो, तुज्याशिवाय? उचलताना बोटं जातात तितं कर." म्हणून ठिपका मुठीच्या आत, बोटांच्या टोकाला लागेल असा आला.

मग उरलं ते सांगण्याचं काम. ज्या क्रेटला ठिपका लागत नाही ती थप्पीच्या तळाला ठेवायची. तळाच्या क्रेटची कड कशात बसत नाही, जमिनीवर टेकते, तिथे ती बुटकी असली तरी बिघडत नाही. ठिपका नसलेल्या जास्त असतील तर त्या वर चढवायच्या नाहीत, जमिनीवर वेगळ्या ठेवायच्या. शैलाताई आधी गोदामांच्या ऑफिसांत गेल्या. तिथे त्यांचं ऐकून घेतलं आणि चहा दिला. मग दिनेशने फोन सुरू केले. खुर्चीत बसून तो एकेका गोदामातल्या हमालांना सांगायचा, "सुन, हात डाल के देख. टीका लगता है तो ऊपर, नहीं लगता तो नीचे. क्यों? अरे, मेरा पैर देखा ना? बस, उसी के लिए." तो हे दर वेळी त्याच हसऱ्या आवाजात सांगायचा. शैलाताई शेजारी बसून पुढचा नंबर काढून देत.

पुढे मी ठाण्याला राहायला गेलो. समोरासमोरची दारं राहिली नाहीत, तसं भेटणंही राहिलं नाही.

त्यांना शेवटचं बघितलं ते कशेळीच्या पुढे, रस्त्याकडेच्या भाजीच्या टेम्पोपाशी. मी पलीकडच्या बाजूला रिक्षाची वाट बघत होतो. दुपार होती, ट्रक एकामागून एक जात होते. टेम्पोतून टोमॅटोच्या क्रेट उतरत होत्या आणि फुटपाथवर थप्पी लागत होती. शैलाताई थप्पीपाशी उभ्या होत्या, खांद्याला ऑफिसची बॅग. प्रत्येक क्रेटच्या मुठीत बोटं घालून बघत होत्या. मधल्या एका क्रेटपाशी थांबल्या. भाजीवाल्याला काहीतरी म्हणाल्या. त्याने हात जोडले, आभाळाकडे बघितलं, आणि वरच्या क्रेट उतरवल्या. ती मधली तळाला गेली, बाकीच्या परत वर चढल्या. शैलाताईंनी तळहात थप्पीला लावून हलकेच ढकललं. थप्पी हलली नाही.

थोडं पुढे दिनेश तीनचाकी स्कूटरवर बसला होता. त्याने हॉर्न वाजवला आणि ओरडला, "चल ना गो ताय, टोमॅटो काय पिकाची वाट बगतेस काय?" त्या जाऊन मागे बसल्या. स्कूटर ट्रकांच्या मधून निघून गेली. त्यांनी मला बघितलं नव्हतं.

भाजीवाल्याने टेम्पोतली शेवटची क्रेट उचलून थप्पीच्या वर ठेवली. ती कोणती होती, हे मला तिथून दिसत नव्हतं. मी रस्ता ओलांडून गेलो आणि तिच्या मुठीत बोटं घातली. बोटांना काही लागलं नाही. दुसऱ्या बाजूनेही बघितलं. गुळगुळीत होतं.

"ही खाली जमिनीवर ठेवा," मी म्हणालो.

भाजीवाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आप भी उन्हीं के घर के हो क्या?"

"समोर राहायचो," मी म्हणालो.

त्याने क्रेट उतरवली.